रोमच्या एका सम्राज्ञीचीं पितळी नाणीं

नाण्याला दोन बाजू असतात, ही गोष्ट लहान मुलालाहि ठाऊक असते. 'छापा कीं कांटा' एवढ्यापुरताच बहुधा त्या दोन बाजूंचा उपयोग होतो. परंतु जुन्या नाण्यांच्या अभ्यासकाला या दोन बाजू म्हणजे दोन साक्षीदार वाटतात. पुढची बाजू सांगते, ही व्यक्ति कोण. मागची बाजू सांगते, या व्यक्तीविषयीं लोकांनीं काय मानावें. या दोन्ही साक्षी ताडून पाहिल्या म्हणजे, नाणें पाडणाऱ्याच्या मनांत काय होतें, याचा थोडाबहुत उलगडा होऊं लागतो.

याचें एक उत्तम उदाहरण म्हणजे रोमन सम्राट् अँटोनायनस पायस याची पत्नी फॉस्टिना हिच्या नांवानें निघालेलीं नाणीं. अँटोनायनस इ. स. १३८ मध्यें गादीवर आला, आणि त्याच्या कारकीर्दीच्या तिसऱ्या वर्षीं, म्हणजे इ. स. १४०-४१ च्या सुमारास, फॉस्टिना मरण पावली. सम्राज्ञीपद तिला अवघीं दोन-अडीच वर्षें लाभलें. परंतु तिच्या मृत्यूनंतर सुमारें वीस वर्षें, अँटोनायनस इ. स. १६१ मध्यें निधन पावेपर्यंत, तिच्या नांवाचीं नाणीं रोमच्या टांकसाळींतून बाहेर पडत राहिलीं. जिवंत सम्राज्ञीच्या नाण्यांहून मृत सम्राज्ञीचीं नाणीं कितीतरी पटींनीं अधिक! असें कां व्हावें? ही केवळ एका विधुराची पत्नीप्रीति, कीं तींत कांहीं राजनीतिहि होती?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वीं नाण्यांची ओळख करून घेणें अवश्य आहे. संग्रहालयांतून व ग्रंथांतून या नाण्यांना सरसकट 'कांशाचीं नाणीं' म्हणण्याचा प्रघात आहे. पण तें सोयीचें नांव होय. कांसें म्हणजे तांबें व कथील यांचें मिश्रण. फॉस्टिनेच्या नाण्यांतील सर्वांत मोठें जें 'सेस्टर्शियस', तें मुख्यतः तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचें, म्हणजे आपल्या घरांतील हंडे-कळशांसारखें पितळेचें असे. त्याच्या निम्म्या किंमतीचें 'डुपाँडियस' हेंहि पितळेचेंच. त्याच्याहि निम्म्या किंमतीचें 'आस' मात्र तांब्याचें. जस्त तापवितांच त्याची वाफ होऊन उडून जाते. म्हणून रोमन कारागीर जस्ताचें खनिज, कोळसा व तांब्याचे तुकडे बंद मुशींत एकत्र तापवीत, म्हणजे ती वाफ बाहेर न जातां तांब्यांत मुरे. असें तयार झालेलें नवें सेस्टर्शियस सोन्यासारखें पिवळें चमकत असे. त्याचें वजन सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून किंचित् अधिक, आणि रुंदी सुमारें सव्वा इंच भरे. आज संग्रहालयांत हीं नाणीं हिरवट, काळसर दिसतात, तो जमिनीखालील शतकांचा परिणाम आहे.

चार आसांचें एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियसांचें एक रुप्याचें देनारियस आणि पंचवीस देनारियसांचें एक सोन्याचें ऑरियस, असा हिशेब होता. यांतील 'देनारियस' या शब्दावरूनच संस्कृतांत 'दीनार' शब्द आला. सेस्टर्शियसची बाजारांतील किंमत कळण्यास एक गमतीचा पुरावा आहे. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांत एका मद्यगृहाच्या भिंतीवर दर लिहिलेले सांपडले आहेत: एका आसला साधें मद्य, दोन आसांना त्याहून बरें, आणि चार आसांना, म्हणजे एका सेस्टर्शियसला, नामांकित फालर्नियन मद्य. सोन्याचें नाणें सरदार-सावकारांच्या पेटींत राही. पितळेचें व तांब्याचें नाणें भाकरीवाला, भाजीवाला, हमाल, शिपाई यांच्या हातांतून दिवसभर फिरे. म्हणून राज्यकर्त्याला सामान्य जनांना कांहीं सांगावयाचें असल्यास त्यास हा हमरस्ताच होता. वर्तमानपत्र नव्हतें, चित्रें छापण्याची कला नव्हती. पण सम्राटाचा व सम्राज्ञीचा चेहरा मात्र प्रत्येकाच्या कनवटीला होता.

हीं नाणीं ओतलेलीं नसून ठोकलेलीं आहेत. ऐरणींत एक ठसा पक्का बसविलेला असे. त्यावर धातूची तापविलेली चकती ठेवीत. तिच्यावर दुसरा ठसा धरून घणाचा घाव घालीत, कीं दोन्ही बाजूंची मुद्रा एकदम उमटे. ठसे हातानें कोरलेले असल्यामुळें दोन निरनिराळ्या ठशांचीं नाणीं कधींहि तंतोतंत सारखीं नसतात. कोठें नाक किंचित् सरळ, कोठें हनुवटी भरलेली, कोठें एखादें अक्षर कडेला सरकलेलें. पितळी व तांब्याच्या नाण्यांच्या मागील बाजूस 'एस् सी' हीं दोन अक्षरें मोठीं व ठळक असतात. 'सेनेटच्या ठरावानें' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. टांकसाळीवर खरी सत्ता सम्राटाची असली, तरी सेनेटचा हा मान पहिला सम्राट् ऑगस्टस याच्या काळापासून राखलेला होता.

स्त्रियांचीं नाणीं फॉस्टिनेपूर्वीं नव्हतीं असें नाहीं. टायबेरियसच्या कारकीर्दींत, इ. स. २२-२३ मध्यें, त्याची आई लिव्हिया हिच्या सन्मानार्थ एक सेस्टर्शियस निघालें. त्यावर दोन खेंचरांनीं ओढलेला छत्राचा रथ आहे आणि लिव्हियेचें नांव आहे. पण तिचा चेहरा नाहीं. पुढें कॅलिगुलानें, इ. स. ३७ ते ४१ च्या दरम्यान, वनवासांत मरण पावलेली आपली आई अग्रिपायना हिच्या स्मरणार्थ सेस्टर्शियस पाडलें. त्यावर एका बाजूस तिचा चेहरा व दुसऱ्या बाजूस तसाच रथ आहे. लिव्हियेला तिचा नातू क्लॉडियस यानें इ. स. ४२ मध्यें देवपद दिलें. त्यानंतरहि राजघराण्यांतील आणखी कांहीं स्त्रिया देवता ठरल्या. परंतु एखाद्या दिवंगत स्त्रीच्या नांवानें वीस वर्षें अखंड, आणि सोन्यापासून तांब्यापर्यंत सर्व धातूंत नाणीं निघत राहावीं, हा प्रकार फॉस्टिनेपूर्वीं कधींच घडला नव्हता.

आतां पुढच्या बाजूची साक्ष पाहूं. फॉस्टिनेचा चेहरा उजवीकडे पाहणारा, शांत व भारदस्त आहे. केंसांच्या वेण्या घालून त्या डोक्याच्या अगदीं वर वेटोळें करून बांधल्या आहेत. तिची मुलगीहि नांवानें फॉस्टिनाच होती, आणि तिचीं नाणींहि इ. स. १४७ नंतर आईच्या नाण्यांबरोबर बाजारांत फिरूं लागलीं. नाण्यावरील आई व मुलगी ओळखण्याची सोपी खूण ही कीं, आईचा अंबाडा माथ्यावर आणि मुलीचा मानेवर. दुसरी खूण म्हणजे मुद्रालेख. आई जिवंत असतांना निघालेल्या नाण्यांपैकीं पुष्कळांवर 'फॉस्टिना ऑगस्टा, अँटोनायनस ऑगस्टस पायस याची' अशा अर्थाचा लेख आहे. म्हणजे पत्नीचें नांव पतीच्या नांवाला व पदव्यांना जोडलेलें. मृत्यूनंतरच्या नाण्यांवर मात्र 'दिवा फाउस्टिना' किंवा 'दिवा ऑगुस्टा फाउस्टिना' एवढेंच आहे. लॅटिन 'दिवा' आणि आपली 'देवी' हे शब्द एकाच मूळ कुळांतले. तेव्हां या लेखाचा अर्थ मराठी माणसास भाषांतराशिवायहि कळण्यासारखा आहे. जिवंतपणीं जी 'अमक्याची पत्नी' होती, ती मेल्यावर स्वतःच्या नांवानें उभी राहिली. पतीचें नांव त्या बाजूवरून नाहींसें झालें.

येथें एक बारकावा सांगण्यासारखा आहे. सम्राटाच्या डुपाँडियसवर त्याच्या मस्तकीं सूर्यकिरणांचा मुकुट दाखवीत आणि आसवर तो नसे. त्यामुळें जवळजवळ एकाच आकाराचीं हीं दोन नाणीं चटकन् वेगळीं ओळखूं येत. स्त्रियांना तेव्हां असा मुकुट दाखवीत नसत. म्हणून फॉस्टिनेचें डुपाँडियस कोणतें व आस कोणतें हें त्या काळीं केवळ रंगावरून, म्हणजे पितळ पिवळें व तांबें तांबडें यावरूनच, ठरत असे. आज दोन्हींवर एकसारखा हिरवा थर चढल्यामुळें नाणेंतज्ज्ञांनाहि पुष्कळदां दोन्ही नांवें देऊन स्वस्थ बसावें लागतें.

आतां मागील बाजू. फॉस्टिनेच्या मृत्यूनंतर सेनेटनें तिला देवता ठरविलें. तिच्यासाठीं देवालय, पुजारिणी, सोन्यारुप्याच्या मूर्ति आणि रथांच्या शर्यतींचे खेळ मंजूर केले. या प्रत्येक मानाचें प्रतिबिंब नाण्यांवर पडलें आहे. कांहींवर हत्तींनीं ओढलेल्या रथांत तिची मूर्ति मिरवत आहे. कांहींवर 'कॉन्सेक्रातिओ', म्हणजे देवपदप्राप्ति, हा शब्द असून तेथें मोर किंवा गरुड दिसतो. मोर हा जूनो देवीचा पक्षी व गरुड हा ज्युपिटरचा. सर्वांत अधिक वेळां भेटणारा शब्द मात्र 'एतर्नितास', म्हणजे शाश्वतता. ही शाश्वतता स्त्रीरूपानें उभी किंवा बसलेली असते. कधीं तिच्या हातांत गोल व त्यावर फिनिक्स पक्षी असतो. हा पक्षी स्वतःच्या राखेंतून पुनः जन्म घेतो अशी प्राचीनांची कल्पना होती. कांहीं नाण्यांवर हातांत कणसें व मशाल घेतलेली धान्यदेवता सीरीस आहे. कांहींवर 'पिएतास' ही भक्तिदेवता वेदीवर धूप टाकीत आहे. या शेवटच्या चित्रांत एक गर्भित अर्थ आहे. 'पायस' ही अँटोनायनसची पदवी आणि 'पिएतास' हा शब्द एकाच धातूपासून निघालेले. देवांविषयीं व आप्तांविषयीं कर्तव्य पाळणारा, असा त्या पदवीचा अर्थ. पुढच्या बाजूवरून पतीचें नांव गेलें खरें, पण मागच्या बाजूनें तो असा सूचित होत राहिला.

'देदिकातिओ एदिस', म्हणजे देवालयाचें समर्पण, असा लेख असलेलीं नाणींहि आहेत. त्यांवर समोर सहा खांब असलेलें देऊळ कोरलेलें आहे. हें देऊळ आजहि रोमच्या जुन्या चौकांत उभें आहे. समोरचे सहा व बाजूंचे दोन दोन मिळून त्याचे दहा संगमरवरी खांब अद्याप जागच्या जागीं आहेत. त्यांची उंची सुमारें १७ मीटर आहे. मध्ययुगांत त्या देवळांत ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झालें, आणि म्हणूनच तें पाडलें गेलें नाहीं. त्याच्या दर्शनी भागावरील शिलालेख नीट पाहण्यासारखा आहे. 'दिव्य फॉस्टिनेस, सेनेटच्या ठरावानें' ही ओळ प्रथम कोरली गेली. अँटोनायनस इ. स. १६१ मध्यें वारल्यावर त्यालाहि देवपद मिळालें, तेव्हां 'दिव्य अँटोनायनस आणि' एवढे शब्द तिच्या वर घालण्यांत आले. लेखांत आज पतीचें नांव आधीं येतें. पण मूळ देऊळ पत्नीचें, आणि पती तींत वीस वर्षांनीं राहावयास आला.

पतिपत्नींच्या ऐक्याला सरकारी मान्यता कशी मिळाली, याचा आणखी एक पुरावा रोमजवळच्या ऑस्टिया बंदरांतील शिलालेखांत आहे. या दांपत्याच्या असामान्य एकोप्याबद्दल तेथें एक वेदी उभारावी आणि त्या शहरांत लग्न करणाऱ्या वधूवरांनीं तिच्यावर पूजा करावी, असा ठराव तेथील नगरसभेनें केला होता. अँटोनायनसच्या एका सेस्टर्शियसवर तेंच दृश्य दिसतें: सम्राट् व सम्राज्ञी यांच्या मोठ्या मूर्ति हातांत हात घालून उभ्या आहेत, आणि त्यांच्यापुढें वेदीजवळ एक लहानसें जोडपें तसेंच हातांत हात घालून उभें आहे. शिवाय अँटोनायनसनें फॉस्टिनेच्या नांवानें मुलींच्या पालनपोषणासाठीं एक निधि स्थापन केला. 'फॉस्टिनेच्या मुली' या नांवानें त्या ओळखल्या जात, आणि सोन्यारुप्याच्या कांहीं दुर्मिळ नाण्यांवर सम्राटापुढें आणलेलीं हीं मुलें दिसतात. देवळांतील धुरापेक्षां हें स्मारक अधिक उपयोगी होतें, असें कोणासहि वाटेल.

इतका वेळ नाण्यांनीं जें सांगावयाचें ठरविलें तें ऐकून घेतलें. आतां तीं काय बोलत नाहींत तेंहि पाहिलें पाहिजे. अँटोनायनसला चार मुलें झालीं: दोन मुलगे व दोन मुली. त्यांपैकीं दोन्ही मुलगे व थोरली मुलगी तो सम्राट् होण्यापूर्वींच वारलीं. उरली धाकटी फॉस्टिना एकटी. सम्राट् हेड्रियन यानें इ. स. १३८ मध्यें अँटोनायनसला दत्तक घेतलें तें एका अटीवर: त्यानें मार्कस व लूशियस या दोन मुलांना दत्तक घ्यावें. यांतील मार्कस, म्हणजे पुढें तत्त्वज्ञ सम्राट् म्हणून कीर्ति पावलेला मार्कस ऑरेलियस, हा फॉस्टिनेच्या सख्ख्या भावाचा मुलगा. इ. स. १४५ मध्यें त्याचें लग्न धाकट्या फॉस्टिनेशीं झालें. म्हणजे दिवंगत सम्राज्ञी ही भावी सम्राटाची आत्या, दत्तकविधीनें आई आणि लग्नानें सासूहि झाली. जेथें बाप व मुलगा यांच्यांत रक्ताचा संबंध नव्हता, तेथें तो संबंध जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे ही मृत स्त्री. ती देवी ठरली म्हणजे तिची मुलगी देवीची मुलगी ठरली आणि जांवई देवीचा जांवई. तिचें नाणें वीस वर्षें लोकांच्या हातांत फिरत राहिलें, तें गादीच्या पुढील हक्काचें रोज वाचलें जाणारें दस्तऐवजच होतें.

मग प्रीति खोटी म्हणावयाची काय? तसाहि निष्कर्ष घाईचा होईल. प्राचीन सम्राटांच्या चरित्रांचा जो 'हिस्टोरिया ऑगस्टा' नांवाचा संग्रह आहे, त्यांत फॉस्टिनेच्या मोकळ्या वागणुकीबद्दल लोक बरेंच बोलत आणि अँटोनायनसनें दुःखानें तें दाबून टाकलें, असें म्हटलें आहे. पण हा संग्रह तिच्या मृत्यूनंतर फार उशिरां रचलेला असून अनेक ठिकाणीं अविश्वसनीय ठरला आहे. दुसरीकडे, अँटोनायनसनें पुनः विवाह केला नाहीं हें खरें. पण तो एकटाच राहिला असेंहि नाहीं. लिसिस्त्राते नांवाची, फॉस्टिनेच्याच घरची एक मुक्त झालेली दासी त्याच्याजवळ होती, हें एका शिलालेखावरून सिद्ध झालें आहे. नवी राणी आली असती, तिला मुलगा झाला असता, तर मार्कसचा हक्क धोक्यांत आला असता. तेव्हां लग्न न करण्यांत शोक होता, सोय होती आणि राज्याची शांतताहि होती. मनुष्याच्या आचरणाला एकच कारण असतें असें नाहीं. सम्राट् हाहि मनुष्यच.

नाण्यांचा पुरावा येथें आणखी एका रीतीनें उपयोगी पडला आहे. मृत सम्राज्ञीच्या नाण्यांवर सन तर नसतोच, पण सम्राटाच्या बदलत जाणाऱ्या पदव्याहि नसतात. मग कोणतें आधीं व कोणतें मागून, हें कसें ठरवावें? अभ्यासकांनीं ठशांचा आधार घेतला. पुढच्या बाजूचा एकच ठसा मागच्या दोन-तीन निरनिराळ्या ठशांबरोबर वापरलेला आढळतो. तो ठसा जसजसा झिजत जातो, तसतशा त्याच्या भेगा नाण्यांवर उमटतात. कमी झिजलेलें आधींचें, अधिक झिजलेलें नंतरचें, अशी सांखळी जोडीत गेल्यावर नाण्यांचा अनुक्रम हातीं लागतो. एखाद्या शब्दाचा मान केव्हां वाढला, एखादें चित्र केव्हां मागें पडलें, हें मग दिसूं लागतें.

रोमचा आणि दख्खनचा व्यापार या काळीं चालूच होता. त्यापूर्वींच्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत पैठण व तेर येथून माल भडोचच्या बंदरास जात असल्याचें सांगितलें आहे, आणि तेथें रोमचीं सोन्यारुप्याचीं नाणीं नफ्यानें बदलून मिळत, असेंहि नमूद आहे. पण समुद्रापार आलें तें मुख्यतः सोनें व रुपें. धातूच्या वजनावर ज्याची किंमत, तेंच परक्या बाजारांत चाले. पितळेच्या नाण्याची किंमत सरकारच्या शब्दावर ठरे, आणि तो शब्द साम्राज्याच्या हद्दीपलीकडे फारसा ऐकला जात नसे. फॉस्टिनेचें सेस्टर्शियस हें घरच्या माणसांशीं घरच्या भाषेंत केलेलें बोलणें होतें.

घरच्या माणसांनीं तें पुष्कळ काळ ऐकलें. तिसऱ्या शतकांत पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या ठेव्यांत या काळचीं सेस्टर्शियस पुष्कळ सांपडतात, आणि तीं पार गुळगुळीत झालेलीं असतात. शंभर वर्षें हजारों बोटांनीं हाताळल्यामुळें लेख पुसला गेला, 'शाश्वतता' हा शब्दहि पुसला गेला. गॉलमध्यें सत्ता बळकावणाऱ्या पोस्ट्युमसनें इ. स. २६० नंतर अशा जुन्या सेस्टर्शियसांवर आपला ठसा मारून तींच पुनः चालविलीं. त्याच्या दाढीच्या कडेला खालच्या जुन्या चेहऱ्याची रेषा कधीं कधीं डोकावते. तथापि झिजलेल्या नाण्यावरहि फॉस्टिना बहुधा ओळखूं येते. नांव वाचतां येत नाहीं, नाक-डोळे सपाट झालेले असतात. पण माथ्यावर बांधलेला तो अंबाडा शिल्लक असतो, आणि ही आई आहे, मुलगी नव्हे, एवढें तो अजूनहि सांगतो.